सहावा तुकडा

शिड्यांच्या कारखान्यात तपासनिसाचं काम दोन हालचालींचं होतं. पायरी दोन्ही हातांनी धरायची, सरळ आपल्याकडे ओढायची आणि मग मनगटात जोर आणून पाव वळसा पिळायची. ओढल्यावर तग धरणारी पायरी पिळल्यावर दगा देऊ शकते, म्हणून ही दुसरी हालचाल. शिवाय प्रत्येक खेपेतली एक शिडी नमुना म्हणून बाजूला काढायची आणि मोडेपर्यंत तिच्यावर वजन चढवत न्यायचं. ती किती वजनाला मोडली ते पाहायचं आणि बाकीच्या बाहेर सोडायच्या. मोडलेली शिडी भंगारात.

तपासनिसांनी उभ्या नोकरीत हेच केलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या शिडीवरून कोणी पडल्याचं कधी ऐकिवात आलं नाही. याचा त्यांना अभिमान होता. तो ते बोलून दाखवत नसत, पण दुसरं कोणी बोललं तर अडवतही नसत. कामगार पाठीमागे त्यांना ‘हिसकामामा’ म्हणत. निवृत्तीच्या समारंभात कारखान्याने त्यांना एक घडीची शिडी भेट दिली. त्यांनी व्यासपीठावरच तिची एकेक पायरी ओढून, पिळून पाहिली आणि मगच आभार मानायला उभे राहिले. सगळे पोट धरून हसले. हसण्यासारखं काय झालं, हे त्यांना घरी आल्यावर बायकोला विचारावं लागलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “मला रोज येतं ते हसू आज त्यांना आलं.”

तिला रोज हसू येत होतं, हे मात्र खरं नव्हतं. सुरुवातीला येत असे. ती गॅस बंद करून स्वयंपाकघरातून बाहेर पडली की मागोमाग तपासनीस आत जात. बटण थोडं उघडत आणि पुन्हा घट्ट बंद करत. तिने लावलेली कडी काढून पुन्हा लावत. बरणीचं झाकण, नळाची चावी, इस्त्रीचं बटण, कशालाच सूट नव्हती.

“मी एकदा तरी गॅस उघडा ठेवलाय का हो?” तिने एकदा विचारलं होतं.

“नाही.”

“मग?”

“अगं, ठेवला नाहीस म्हणजे ठेवणारच नाहीस, असं कसं म्हणता येईल?”

यावर काय बोलणार? ती बोलली नाही. न बोलणं पुढे तिच्या अंगवळणी पडलं, आणि न बोलणारं माणूस सुखात आहे, असा तपासनिसांनी सोयीचा समज करून घेतला.

घरात त्यांचा हात न लागलेली एकच वस्तू होती, ती म्हणजे अंगणातलं युकाचं झाड. लेक शाळेत होती तेव्हा बायकोने कोणाच्या तरी बागेतून खोडाचा हातभर तुकडा आणला होता. ना मूळ, ना पान. “ही वाळकी काठी कशाला?” तपासनीस म्हणाले होते. तिने ती काठी कुंपणाच्या भिंतीशी खोचली आणि काही वर्षांत तिचं छपराच्याही वर गेलेलं झाड झालं. बुंधा हत्तीच्या पायासारखा फुगलेला, वर तलवारीसारख्या पानांचे तीन झुबके. कधी कधी पांढऱ्या घंटांचा घोस येई. तो आला की बायको समोरच्या घरातल्या बाईंना हाक मारून दाखवी. झाडातलं आपल्याला काही कळत नाही, असं तपासनिसांचं मत होतं, म्हणून ते त्या बाजूला फिरकत नसत. त्या झाडाजवळ ती एवढी का रमते, हे कोडं त्यांना पडलं नव्हतं, कारण ती रमते हेच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

मग लेकीचं बाळंतपण आलं आणि बायको तिच्या गावी गेली. बाळ झालं, बाळाचे पहिले महिने झाले, लेक कामावर रुजू झाली. दर फोनला येण्याची गोष्ट निघे आणि पुढे जाई. शेवटी एकदा तपासनिसांनी सरळ विचारलं, “नक्की कधी येणार ते सांग ना.”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “यायचं का, तेच ठरवलं नाही अजून.”

“म्हणजे?”

“लेकीने मला खोली दिलीय. छोटी आहे, पण माझी आहे. इथे मी गॅस बंद केला ना, की तो बंद झालेला असतो.”

तपासनिसांना वाटलं, थट्टा करतेय. फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने वाटलं, करत नव्हती.

त्यांनी जे केलं ते त्यांना येत होतं तेच. सगळं घर तपासलं. खिडक्यांचे अडसर, पलंगाचे पाय, माळ्याची फळी, पायऱ्यांचा कठडा. कठड्याचा एक स्क्रू ढिला होता, तो आवळताना त्यांना जरा बरं वाटलं. ती आली की तिला काही म्हणजे काही नाव ठेवायला जागा नको. घर संपलं तसे ते अंगणात आले, आणि अंगणात तपासायचं राहिलेलं एकच होतं.

त्यांनी युकाच्या खोडाला दोन्ही हात लावले आणि ओढलं.

झाड हललं. वरचे झुबके सळसळले आणि भिंतीवरची त्यांची सावली पुढे-मागे झाली. इतकी वर्षं हे असं डुलतं झाड छपरालगत उभं होतं आणि आपण हात लावून पाहिलं नव्हतं! पडलं तर? रस्त्यावरच्या माणसाच्या अंगावर पडलं तर? ती झाडाखाली असताना पडलं तर?

दुसऱ्या दिवशी ते करवत घेऊन, निवृत्तीच्या शिडीवर चढले.

“अहो, अहो!” समोरच्या बाई फाटकाशी धावत आल्या. त्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या आणि बायकोच्या जिवाभावाच्या. “तिला विचारलंत का?”

“धोका होता,” तपासनीस वरून म्हणाले. “हलत होतं.”

“झाड आहे ते! हलणारच! तुम्ही हलताय त्या शिडीवर, तुम्हाला कोणी कापतंय का?”

“शिडी हलत नाही,” तपासनीस दुखावलेल्या आवाजात म्हणाले. “शिडीची खात्री केलीय.”

खोड आतून पांढरं, रसरशीत, तंतूंनी घट्ट विणलेलं निघालं. कुठेही कीड नाही, पोकळी नाही. बुंधा अर्धवट ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून पहारी घेऊन दोन मजूर बोलावले. ते दिवसभर घाम गाळत होते. जमीन सोडायला झाड तयार नव्हतं. मुळं भिंतीच्या पायाखाली, फरशीखाली, थेट फाटकापर्यंत गेलेली. शेवटी दोर बांधून बुंधा उचकटला तेव्हा एक मजूर कपाळ पुसत म्हणाला, “साहेब, हे पडणार होतं म्हणून काढलंत ना?”

“हो.”

“आम्हाला आधी सांगायचं. आम्ही पडायची वाट बघत बसलो असतो, आमची नातवंडंसुद्धा बसली असती.”

दुसरा हसला. तपासनीस त्या खड्ड्याकडे बघत राहिले. आपण काय केलं, ते त्यांना तेव्हा कळलं. खोड डुलत होतं ते वाऱ्याला जागा देण्यासाठी. खाली ते पक्कं होतं. त्यांची पहिली हालचाल बरोबर होती, पण त्यांनी हलण्यालाच मोडणं समजलं होतं. नोकरीत अशी चूक झाली असती तर त्यांनी स्वतःला घरी बसवलं असतं.

काळजी त्यांना वेगळीच होती. ती आली आणि तिने ही मोकळी भिंत पाहिली तर? ती पिशवीसुद्धा खाली ठेवणार नाही.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर घसा साफ करून म्हणाले, “माझ्या एका ओळखीच्या गृहस्थांचं युकाचं झाड गेलं. त्यांना विचारायचं होतं की खोडाच्या तुकड्यांपासून पुन्हा होतं का?”

“कोण गृहस्थ?”

“तू नाही ओळखत. कारखान्यातले.”

“झाड गेलं म्हणजे? पडलं?”

“कापलं.”

“का?”

“हलत होतं म्हणे.”

पलीकडे बाळ रडत होतं. तिने त्याला थोपटून गप्प केलं. मग सावकाश, एकेक गोष्ट नीट सांगायला लागली. हात-हातभराचे तुकडे करायचे. खालचं टोक कोणतं, वरचं कोणतं, खूण करून ठेवायची. उलटा लावला तर जन्मात मूळ यायचं नाही. लगेच मातीत घालायचे नाहीत. सावलीत पडू द्यायचे, कापलेल्या जागेवर कोरडी खपली धरेपर्यंत. मग भुसभुशीत मातीत बरीच वाळू घालून एकतृतीयांश खोचायचे. पाणी अगदी बेताचं, माती पार सुकली तरच.

“आणि?” तपासनीस लिहून घेत होते.

“आणि मग विसरून जायचं.”

“विसरून म्हणजे?”

“विसरून म्हणजे विसरून. हात लावायचा नाही. मूळ येतं ते केसासारखं येतं, जरा धक्का लागला की तुटतं. हलवून बघायचं नाही, उकरून बघायचं नाही. जमेल का त्या गृहस्थांना?”

“जमेल की,” तपासनीस म्हणाले. “सांगतो मी त्यांना.”

“नीट सांगा,” ती म्हणाली.

त्यांनी कामाला हात घातला तो त्यांच्या पद्धतीने, म्हणजे चोख. सगळ्यात निरोगी असे सहा तुकडे निवडले. प्रत्येकावर लाल रंगाने आकडा घातला आणि वरच्या टोकाकडे बाण काढला. शिड्यांच्या खोक्यांवर काढतात तसा. शेडमध्ये फळीवर ओळीने मांडून ठेवले. खपल्या धरल्यावर भिंतीलगत, जिथे बुंधा होता तिथेच, खड्ड्यात वाळू मिसळून वाफा केला आणि एकापासून सहापर्यंत एका रेषेत लावले. समोरच्या बाई बघून म्हणाल्या, “कवायत चाललीय वाटतं.” पण काम चांगलं झालं होतं. तिने पाहिलं असतं तर तिनेही मान डोलावली असती.

यापुढे करण्यासारखं काही नव्हतं, आणि इथेच घात झाला. चहा घेऊन ते वाफ्याशी खुर्ची टाकून बसत. सहा काठ्या जशाच्या तशा. हात शिवशिवू लागले. आत मूळ धरतंय की कुजतंय, हे न कळता नुसतं बसायचं? आणि ती यायच्या आधी कळलं नाही तर? सगळेच फुकट गेले असले आणि आपण आपले खुळ्यासारखे पाणी घालत असलो तर?

मग त्यांना कारखान्याची रीत आठवली. खेपेतली एक शिडी मोडायची, बाकीच्यांची खात्री होते. हे काही हलवून बघणं नव्हे, ही नमुना चाचणी. त्यांनी पहिला तुकडा धरला, ओढला. तो लोण्यातून सुरी निघावी तसा हातात आला. खाली काही नाही, फक्त खपलीभोवती तांदळाच्या कणीएवढे पांढरे फुगवटे. हे मूळ की बुरशी? त्यांना सांगता येईना. त्यांनी तो परत खोचला, पण तो काही दिवसांत बुडातून मऊ पडला.

नमुना नापास झाला म्हणजे दुसरा नमुना घ्यायचा, हाही कारखान्याचाच नियम होता. दुसऱ्याला त्यांनी अधिक थांबून हात लावला. तिसऱ्याला त्याहून थांबून. प्रत्येक वेळी वाटे, आता पुरेसे दिवस गेले. प्रत्येक वेळी खाली थोडं जास्त काही दिसे, आणि उपटल्यामुळे ते जाई. चौथा पावसाने ओला राहिला की काय अशी शंका आली म्हणून काढला. पाचव्याला तर केसासारखं मूळ खरोखरच आलेलं होतं, बोटाच्या पेराएवढं. ते बाहेर आल्यावर वाळूसकट गळून पडलं. तपासनीस ते बोटाने वाळूत शोधत बसले.

“त्या गृहस्थांचे पाच तुकडे गेले,” त्यांनी फोनवर सांगितलं.

“किती होते?”

“सहा.”

“त्यांना म्हणावं, सहाव्याकडे पाठ करून बसा,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी खरंच खुर्ची फिरवली. रस्त्याकडे तोंड, वाफ्याकडे पाठ. समोरच्या बाईंना तपासनीस आता दिवसभर आपल्या घराकडे टक लावून बसलेले दिसत. त्यांनी पडदा ओढून घेतला, मग कारण कळल्यावर पडदा उघडला आणि पोटभर हसून घेतलं. पाणी घालायचं तेव्हा तपासनीस तोंड वळवून घालत. उन्हं तापली, उतरली. त्यांनी तुकड्याला हात लावला नाही. यात किती काळ गेला याचा त्यांनी हिशोबही ठेवला नाही, आणि हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. एका सकाळी पाणी घालताना नजर गेली आणि झारी हातातच राहिली. वरच्या टोकाजवळ, लाल बाणाच्या शेजारी साल फाटून हिरवं टोक बाहेर आलं होतं.

“कोंब आला!” ते फोनमध्ये ओरडले.

“कोणाला?” ती म्हणाली.

“सहाव्याला! म्हणजे... त्या गृहस्थांच्या...”

ती हसली. कित्येक महिन्यांत त्यांनी ते हसू ऐकलं नव्हतं. “हात नाही लावला त्यांनी?”

“नाही. शप्पथ नाही.”

पुन्हा बाळाचा आवाज, भांड्याचा आवाज. मग ती म्हणाली, “मी शनिवारी येते.”

नंतर लेकीने फोन घेतला आणि बहुधा दुसऱ्या खोलीत गेली, कारण तिचा आवाज खाली आला. “बाबा, आई बॅग भरतेय. सगळे कपडे घेतेय. पण तिने खोली सोडलीय असं समजू नका हं. ती म्हणाली, बघते. तिच्या मागे मागे तपासत फिरू नका, एवढंच करा. प्लीज.”

“नाही फिरणार,” तपासनीस म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

शुक्रवारी त्यांनी घर झाडलं, पडदे धुतले. कोंब एव्हाना करंगळीएवढा झाला होता, त्याला तीन पानं सुटली होती. संध्याकाळी समोरच्या बाई कौतुकाने बघायला आल्या.

“छान आहे हो,” त्या वाकून म्हणाल्या. “आता मूळही धरलं असेल तर भागलं.”

“असेल तर म्हणजे? कोंब आलाय ना.”

“कोंब काय, खोडातल्या साठ्यावरसुद्धा येतो. आम्ही वर्गात बटाटा नाही का ठेवायचो टेबलावर? माती नाही, पाणी नाही, तरी येतो कोंब. साठा संपला की बसतो खाली मान घालून.” एवढं बोलून त्या आपल्या घरी गेल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं.

तपासनीस वाफ्याशी उभे राहिले. उद्या ती येणार, या कोंबाकडे बघणार, त्याच्यावर विसंबून कपडे कपाटात लावणार. आणि खाली काहीच नसलं तर? तिला खोटं दाखवल्यासारखं होईल. तिच्यासाठीच खात्री करायला हवी. अगदी हलकेच. नुसतं बोट लावल्यासारखं.

त्यांनी दोन्ही हातांनी तुकडा धरला आणि हळूच आपल्याकडे ओढलं.

तो आला नाही. खालून कोणी धरून ठेवावा तसा टिकला. जमिनीने घट्ट पकड घेतली होती. तपासनिसांच्या अंगभर आनंद पसरला. हजारो पायऱ्यांनी दिला होता तोच, ओळखीचा आनंद. पास! आणि त्याच आनंदात, त्यांना कळायच्या आत, मनगटांनी दुसरी हालचाल केली. पाव वळसा.

मातीखाली बारीक आवाज झाला, शिवण उसवताना होतो तसा.

त्यांनी हात सोडले. तुकडा उभाच होता. त्यांनी नुसतं बोट टेकवलं, तर तो कलला. आता त्याला खाली कोणी धरलेलं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले, वाळू सारखी केली, तुकडा सरळ करून भोवती दाबून घेतलं. वरून काहीच कळत नव्हतं. कोंब हिरवागार, तीन पानं ताठ.

शनिवारी ती आली. फाटकातून आत येताच आधी भिंतीकडे गेली, बॅग खांद्यालाच. मोकळ्या भिंतीकडे तिने एकदा वर बघितलं, जिथे पूर्वी झुबके असत तिथे. तपासनीस मागे उभे होते, बोलायला तोंड उघडत होते.

“ते तुमचे ओळखीचे गृहस्थ कसे आहेत?” तिने न वळता विचारलं.

“तुला...”

“पहिल्या फोनलाच. हलतं म्हणून झाड कापणारी दोन माणसं एका कारखान्यात असली तर तो कारखाना कधीच बुडाला असता.” मग ती वाकली. कोंबाकडे बघत राहिली. तिने हात पुढे केला नाही, पानालाही नाही. “झाड गेलं त्याचं मला लागलं हो. खूप लागलं. येणारच नव्हते. पण म्हटलं, तुम्ही हा सोडलात ना... एक तरी सोडलात.”

सांगायची वेळ तीच होती. तपासनीस मूग गिळून उभे राहिले.

तिने बॅग रिकामी केली. कपडे कपाटात लावले, बॅग माळ्यावर टाकायला सांगितली. ते शिडीवर चढून टाकून आले. त्या रात्रीच्या जेवणानंतर तिने गॅस बंद केला आणि तपासनीस जागचे हलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ती कडी लावी आणि ते वर्तमानपत्र वाचत राहत, अक्षर न दिसता. हे त्यांना जमत होतं! इतकं अवघड नव्हतंच ते. हे पूर्वीच का केलं नाही, असं त्यांना वाटे आणि नजर खिडकीतून वाफ्याकडे जाई. ती सकाळी चहाचा कप घेऊन तिथे उभी असे. तुकडा पक्का आहे का, हे बघावंसं तिला एकदाही वाटलं नाही.

आधी सगळ्यात खालचं पान पिवळं झालं. मग कोंबाची ताठ मान जरा ढिली पडली. तिने माती चिमटीत घेऊन पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या.

“मी आल्या दिवशी पाणी घातलं ना,” ती म्हणाली. “जास्त झालं बहुतेक. तुम्ही इतके दिवस सांभाळलंत आणि मी येऊन घोळ केला. माझंच चुकलं.”

तपासनीस वर्तमानपत्र हातात घेऊन दारात उभे होते. पाच तुकडे गेले तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. बुंधा निघाला तेव्हा त्याहून वाईट वाटलं होतं. पण तिने इतक्या सहज चूक अंगावर घेतली, तेव्हा जे वाटलं ते त्यांना उभं राहून सहन होईना. ते पायरीवर बसले.

“तुझं नाही चुकलं,” ते म्हणाले. “मी ओढलं होतं.”

“कधी?”

“तू यायच्या आदल्या संध्याकाळी. मूळ होतं. चांगलं धरलं होतं. मग मी पिळलं.”

तिने चिमटीतली माती वाफ्यात सोडली.

“होतं ना धरलेलं?” तिने विचारलं.

“हो.”

“कळलं होतं ना तुम्हाला, ओढल्यावर?”

“हो.”

“मग?”

गॅसच्या वेळचं उत्तर या ‘मग’ला चालणार नव्हतं.

ती आत गेली, सुरी घेऊन आली. तुकडा उचलला, तो सहज आला. बुडाशी काळा पडला होता. तिने अंगठ्याने दाबत दाबत वर जाऊन मऊ कुठे संपतं ते पाहिलं आणि तिथे कापलं. आत अजून पांढरं होतं. कोंबासकट वीतभर उरलं. लाल सहाचा आकडा कापलेल्या भागाबरोबर गेला, बाण तेवढा राहिला.

“सावलीत ठेवायचा ना?” तपासनीस लगबगीने उठले. “शेडमध्ये फळी आहे. मी आता—”

“इथे नको,” ती म्हणाली. तिने तो तुकडा वर्तमानपत्राच्या पानात गुंडाळला, सैलसर. “तिकडे लावते. लेकीच्या गॅलरीत ऊन चांगलं येतं. तिला झाडांतलं ओ की ठो कळत नाही, ती हात लावायची नाही.”

“कधी जाणार?”

“उद्या सकाळी गाडी आहे.” आणि जरा थांबून, “बॅग काढून द्या माळ्यावरची.”

“परत कधी...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. ठरवलं नाही, असं ती म्हणाली असती आणि ते खरंच असतं.

त्यांनी शिडी आणली. माळ्याखाली उभी केली, कड्या लावल्या आणि तसाच पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“अहो,” ती म्हणाली. “ओढून बघितली नाहीत.”

“राहू दे.”

“राहू दे काय? पडाल. बघा आधी.”

तिने दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली. तपासनिसांनी पाय खाली घेतला आणि खालपासून हात पोचेल तिथवर एकेक पायरी ओढली, पिळली, ओढली, पिळली. ती धरून उभी होती, प्रत्येक हिसक्याला तिचे हात थोडे हलत होते. सगळ्या पायऱ्या पक्क्या होत्या. मग ते वर चढले आणि बॅग खाली तिच्या हातात दिली.